लेबलला इंटरफेस कशाला?

सरांनी दोन वर्षं पुण्यात नोकरी केली होती आणि आमच्या ऑफिसातला प्रत्येक वाद तिथेच संपायचा. "पुण्यात असंच करतात."

सोलापुरातल्या टॉवेल कारखान्यांसाठी आम्ही एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, बनवली होती. वजनकाट्यावरून वजन घ्यायचं, गठ्ठ्याचं लेबल छापायचं. कारखान्यांचे प्रोग्रामर ती आपापल्या सॉफ्टवेअरला जोडत. लिहिली होती मी.

काट्याला मी इंटरफेस ठेवला होता. प्रत्येक कारखान्याचा काटा वेगळा. म्हणजे काय करता आलं पाहिजे एवढं आम्ही सांगायचं, कसं ते ज्याचं त्यानं लिहायचं. लेबल मात्र साधा, तयार क्लास होता, म्हणजे कोड आम्हीच पूर्ण लिहिलेला. माप, रंग, वजन. त्यात कुणी वेगळं काय लिहिणार?

सरांनी लेबललाही इंटरफेस लावला आणि माझा क्लास लपवून टाकला, म्हणजे आता लेबलही ज्याचं त्यानंच लिहायचं.

"उद्या यात काही वाढवलं तर सगळ्यांचंच अडेल," मी म्हणाले. तेही हळूच.

"मॅडम, पुण्यात इंटरव्ह्यूत असं बोललात तर दारातनंच परत पाठवतील की!"

सगळे हसले. मी स्क्रीनकडे वळले. इंग्लिश मीडियमची मुलगी गप्प बसली तरी शिष्ट ठरते, हे शाळेपासून माहीत आहे.

मग प्रत्येक कारखान्याने आपापलं लेबल लिहिलं. पुढे एका कारखान्याला लेबलवर लॉट नंबर हवा झाला. सरांनी इंटरफेसमध्ये एक मेथड, म्हणजे प्रत्येकाने लिहायलाच हवं असं एक नवं काम, वाढवली आणि नवी आवृत्ती सगळ्यांना पाठवली.

दुसऱ्याच एका कारखान्याच्या प्रोग्रामरचा फोन आला. स्पीकर चालू होता. "काय ओ, लॉट नंबर आमी मागितला का? बिल्डच होईना की, प्रोग्राम तयारच होत न्हाई! प्रिंटरची दुरुस्ती बी ह्या नव्यातच हाय, जुनं तरी कसं चालवू?"

सर शांतपणे म्हणाले, "लायब्ररी आमच्या मॅडमची आहे. नवीन आहेत. सांगतो त्यांना."

माझे कान तापले. मी फोनपाशी गेले. "लेबलला इंटरफेस सरांनी लावला. मी नको म्हणाले होते. ती मेथड काढून टाकते, तुमचं आहे तसं चालेल. लॉट नंबर ज्यांना हवा, त्यांना वेगळा क्लास देते."

फोन ठेवल्यावर सर म्हणाले, "गिऱ्हाइकासमोर असं बोलतात?"

"आधी तुम्ही बोललात."

मी मेथड काढली आणि लायब्ररी पाठवली. थोड्या वेळाने कारखान्यातून उत्तर आलं, "झालं ओ." सरांनी ते वाचलं आणि ते चहाला निघून गेले.