गाणाऱ्या बाईंचा गळा

त्या बाई आमच्या नर्सिंग होममध्ये आल्या तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि नोकरीला लागून मला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. अंधेरीला, स्टेशनच्या पश्चिमेला, एका इमारतीचे खालचे दोन मजले म्हणजे आमचं नर्सिंग होम. बाई केनियाहून आल्या होत्या, एकट्याच. तिथल्या एका गुजराती डॉक्टरांनी आमच्या सरांच्या नावे चिठ्ठी दिली होती. गळ्यावर थायरॉइडची गाठ, चांगली मोसंबीएवढी. आडवं झालं की श्वास कोंडायचा, म्हणून पाठीशी तीन उशा घेऊन त्या बसल्या बसल्याच झोपायच्या.

केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात मी न विचारताच 'हाउसवाइफ' लिहिलं. चाळिशीच्या बाईला आम्ही तेच लिहायचो. त्यांनी कागद स्वतःकडे फिरवला, माझ्या हातातलं पेन घेतलं, तो शब्द खोडला आणि ठसठशीत अक्षरांत 'सिंगर' लिहिलं.

तपासण्यांच्या आठवड्यात त्यांनी मला आपलं सगळं आयुष्य सांगितलं. माझं इंग्रजी मराठी शाळेतलं, पण त्या सावकाश बोलायच्या. एका मोठ्या तळ्याकाठी त्यांचं गाव. आई मासे विकायची. नऊ वर्षांच्या असताना त्या पहिल्यांदा गायल्या, त्या मयताला. तिथे मयताला रात्रंदिवस येशूची गाणी म्हणतात, आणि मोठ्या बायकांचे आवाज बसले म्हणून कुणीतरी हिला पुढे ढकललं. मग चर्चमध्ये, मग रविवारी सकाळी रेडिओवर. नवरा अपघातात गेला तेव्हा दोन मुलांना बहिणीकडे ठेवून त्या बाराजणांचा संच घेऊन ट्रकच्या मागे बसून गावोगाव हिंडल्या. त्यांच्या कॅसेट निघाल्या. "बसवाले लावतात," त्या म्हणाल्या. "बसमध्ये स्वतःचा आवाज ऐकत मी उभी असते आणि मला कुणी ओळखत नाही."

एका दुपारी मी म्हटलं म्हणून त्या गायल्या. खाटेवर बसून, डोळे मिटून. आवाज वर चढला आणि तिथेच थांबून राहिला, ताणलेल्या दोरीसारखा. जिन्यात बसलेले नातेवाईक दारात येऊन उभे राहिले. दुसऱ्या ओळीला त्यांना धाप लागली आणि गाणं अर्धंच राहिलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी सरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. गाठीच्या मागून आवाजाची नस जाते, दोऱ्यासारखी बारीक. तिला धक्का लागू शकतो. आवाज घोगरा होईल, कदाचित कायमचा. बाईंनी विचारलं, "दोन महिन्यांनी केलं तर? ईस्टरला मोठी सभा आहे. ती गाऊन परत येते." सर म्हणाले, "थांबता येईल, पण श्वासाचा धोका वाढेल. ठरवा तुम्ही. संध्याकाळपर्यंत सांगा."

सर गेल्यावर त्यांनी माझा हात धरला. "सिस्टर, तू अशी किती ऑपरेशनं पाहिलीस?"

मी चार पाहिली होती.

"खूप," मी म्हटलं. "सगळे नीट बोलतात. काही होणार नाही."

मला त्यांना धीर द्यायचा होता. शिवाय आपण अनुभवी आहोत असं त्यांना वाटावं, हेही होतंच. ते आज कबूल करायला हरकत नाही. मग त्यांनी ऑपरेशनच्या संमतीचा फॉर्म मागितला.

ऑपरेशन ठरल्यापेक्षा दुप्पट वेळ चाललं. गाठ श्वासनलिकेला पुरती चिकटली होती. बाई शुद्धीवर आल्यावर सर वाकून म्हणाले, "'ई' म्हणा." ओठ हलले. फुंकर मारल्यासारखी हवा आली, आवाज नाही. सरांनी पुन्हा म्हणायला लावलं. तिसऱ्या वेळी त्यांनी माझ्याकडे न बघता हातमोजे काढले.

घशात छोटा आरसा घालून तपासल्यावर कळलं की डावा स्वरतंतू हलत नव्हता. नस तुटलेली नाही, सर म्हणाले, पण ताणली गेली आहे. काही आठवड्यांत हलेल किंवा नाही हलणार. रोज सकाळी तपासायचं. पाणी पितानाही त्यांना ठसका लागायचा, चेहरा काळानिळा व्हायचा, आणि मी चमचा हातात धरून उभी असायचे. पाच दिवस तंतू हलला नाही.

बोलायची मनाई होती, म्हणून मी त्यांना पाटी दिली होती. सहाव्या दिवशी त्यांनी पाटीवर लिहिलं, 'खरं सांग. किती?'

"चार," मी म्हटलं.

त्यांनी पाटी उलटी ठेवली आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर दोन दिवस त्यांनी माझ्या हातून पाण्याचा थेंबही घेतला नाही. मी सरांना जाऊन सांगितलं. वाटलं, नोकरी जाईल. सरांनी समोरचा केसपेपर मिटून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "कदाचित त्यांनी तरीही होच म्हटलं असतं. पण आता ते कुणालाच कळणार नाही." ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

बाईंना पाणी पाजायचं काम मावशींकडे गेलं. मावशी म्हणजे आमच्या वॉर्डच्या आया, वेसाव्याच्या कोळीण. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, तरी दिवसभर त्या बाईंशी बोलत असायच्या. डिस्चार्जची वेळ आली. पण तपासणीसाठी महिनाभर तरी मुंबईत राहणं भाग होतं. लॉजवर एकटं ठेवायचं कसं, अशी चर्चा चालली होती. मावशी म्हणाल्या, "माझ्याकडं येऊं दे ना. तिची आय पण म्हावरंच विकायची, तूच सांगितलंस ना गो."

बाई मावशींच्या घरी गेल्या, पण मी तीन आठवडे तिकडे गेले नाही. चौथ्या आठवड्यात मावशींनी निरोप आणला, "बोलावलंय तुला."

सुट्टीच्या दिवशी सकाळी गेले. अंगणात बायका सुकी मासळी निवडत बसल्या होत्या आणि त्यांच्यात बाई, मावशींची साडी गुंडाळून. आवाज आला होता, पण जाडसर, खरखरीत. "बस," त्या म्हणाल्या. "या बायका रोज मला गा म्हणतात. यांच्यातल्या कुणी माझा पहिला आवाज ऐकलेला नाही. फक्त तू ऐकलायस. म्हणून तुझ्यासमोर पहिल्यांदा गाणार आहे."

त्यांनी सुरुवात केली. तेच, त्या दुपारी खाटेवर अर्धं राहिलेलं गाणं होतं. वर जायच्या जागेवर आवाज फाटला आणि नुसता श्वास उरला. बायकांचे हात थांबले. मला उठून जावंसं वाटलं, पण त्या माझ्याकडेच बघत होत्या. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा फाटला. एका म्हातारीने मान खाली घातली.

बाईंनी पाणी मागितलं. तांब्या माझ्याजवळ होता. मी पेला भरून दिला. त्यांनी घेतला, हनुवटी खाली करून, आम्ही शिकवलं होतं तसं, घोट घोट प्यायल्या. ठसका लागला नाही. मग त्यांनी तेच गाणं खाली, अगदी पुरुषाच्या पट्टीत धरलं. वर जायची जागा आली तेव्हा त्या गेल्याच नाहीत. खालीच राहिल्या आणि शब्द बोलल्यासारखे म्हणाल्या. एक ओळ, दुसरी, मग सगळं गाणं. संपल्यावर मावशी म्हणाल्या, "अजून एक बोल."

"मला राग आहे तुझा," निघताना बाई म्हणाल्या. "तो जाईल असं मी सांगत नाही. खोटं कशाला सांगू?"

ईस्टरची सभा हुकली. त्या पावसाळ्याआधी परत गेल्या. पुढच्या वर्षी पत्र आलं, नर्सिंग होमच्या पत्त्यावर, माझ्या नावे. वरचा आवाज आला नव्हता. संचातली तिघं दुसरीकडे गेली होती. एक तरुण मुलगी आता वरचा सूर धरायची आणि या खालून गाणं पुढे न्यायच्या. रेडिओवाल्यांनी आधी नको म्हटलं, मग मयताची गाणी फक्त यांचीच मागितली. नवी कॅसेट निघणार होती.

मी उत्तर लिहिलं. तीन-चार वर्षं पत्रं चालली, त्यात त्यांच्या मुलांच्या परीक्षा असायच्या आणि माझ्या लग्नाची चौकशी. मग लग्न होऊन मी मुलुंडला गेले, नोकरी सुटली, नर्सिंग होमही दुसरीकडे हललं. शेवटचं पत्र कुणाचं होतं ते आता आठवत नाही. बहुतेक त्यांचंच असावं.