मेश्रामताईंची फूड बँक

मेश्रामताईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या लखनऊच्या तेलीबागेतल्या एका गोदामात, धान्याच्या पोत्यांमध्ये, उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसून एकट्याच जेवत होत्या. शेजारी गॅसची लहानशी शेगडी, तिच्यावर कुकर आणि हातातल्या स्टीलच्या ताटलीत नुसता पांढरा भात. वरण नाही, भाजी नाही, मीठसुद्धा नाही. सत्तरीच्या उंबऱ्यावरची बाई, इस्त्रीची सुती साडी आणि पायात भक्कम स्पोर्ट्सचे बूट. मी एका समाजसेवी क्लबची नवी सभासद म्हणून मदतीला गेले होते. "नमस्ते, मैं..." एवढं बोलते आहे तोवर त्यांनी माझ्या मंगळसूत्राच्या वाट्या पाहिल्या आणि चेहरा उजळला. "मराठी का वो तुम्ही? मग उभ्या काहून? बसा न. भात खा."

मी खाल्ला. जरा करकरत होता. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "खडा लागला न? मलाही लागला. आता हे पोतं निवडल्याशिवाय जात नाही."

ते गोदाम एका फूड बँकेचं होतं. ती लखनऊ आणि आसपासच्या जिल्ह्यांसाठी चालायची. दुकानदार, गिरणीवाले, लग्नाचे हॉलवाले जे देतील ते गोळा करायचं आणि वस्त्यांमध्ये, निवाऱ्यांमध्ये पोचवायचं. आमच्या क्लबनं गोदाम दिलं होतं, टेम्पो दिला होता आणि रविवारी राबायला आम्ही सभासद होतो. पण ती चालायची मेश्रामताईंवर. दान आलेल्या प्रत्येक मालातलं मूठभर त्या तिथंच शिजवायच्या, स्वतः खायच्या, जो हाताशी सापडेल त्याला खायला लावायच्या. "आपल्या ताटात चालते का? चालते तर द्या. नाही तर कायले देता?" हा त्यांचा प्रश्न क्लबातल्या हिंदी बोलणाऱ्यांनाही मराठीतच पाठ झाला होता.

त्या मूळच्या भंडारा जिल्ह्यातल्या. टेलिफोन खात्यात नोकरीला लागल्या, बदली होऊन नवऱ्यासोबत लखनऊला आल्या आणि इथल्याच झाल्या. निवृत्तीनंतर नवरा गेला. मुलगी लग्न होऊन नागपूरला, मुलगा हैदराबादला. तेलीबागेतल्या त्यांच्या घरात समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि खाली मुलांच्या शाळेतल्या ढाली होत्या. मी साताऱ्याकडची. नवरा हवाई दलात, बख्शी का तालाबच्या तळावरून निवृत्त झाला आणि आम्हीही परत गेलो नाही. माझी मुलं मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर देतात. मेश्रामताईंच्या नातवंडांचंही तेच. त्यामुळं आम्ही दोघी भेटलो की मराठी बोलण्याची हौस भागवून घ्यायचो. माझं 'काय गं' आणि त्यांचं 'काहून वो' एकमेकांत मिसळायचं, आणि मध्येच दारावर सब्जीवाला आला की दोघी एका दमात हिंदीत भांडायचो. नागपूरहून आणलेल्या ज्वारीच्या पिठाची भाकरी थापताना त्या म्हणायच्या, "इथं सगळं भेटते सुनंदा, पण आपल्या भाषेत चिडायला माणूस भेटत नाही."

चिडायच्याही भरपूर. एकदा तर सगळा क्लब हादरला.

आमच्या क्लबात गुप्ताजी म्हणून तांदळाच्या गिरणीचे मालक होते. फूड बँकेचा निम्मा तांदूळ त्यांच्याकडून यायचा. त्या वर्षी क्लबच्या वर्धापनदिनासाठी त्यांनी ट्रकभर तांदूळ पाठवला. गोदामासमोर मंडप, बॅनर, फोटोग्राफर, सगळं सज्ज होतं. वस्तीतल्या बायका रांगेत उभ्या होत्या. मेश्रामताईंनी नेहमीप्रमाणे कुकर लावला. झाकण उघडलं तसा कुबट वास आला. त्यांनी दुसरं पोतं फोडलं, तिसरं फोडलं. तांदूळ भिजून वाळवलेला होता, आत जाळ्या धरल्या होत्या.

त्यांनी एक ताटली वाढली आणि सरळ मंडपात जाऊन गुप्ताजींपुढं धरली. "गुप्ताजी, पहले आप."

गुप्ताजींना वाटलं प्रसाद आहे. ते हसत हसत घास तोंडाजवळ घेऊन गेले आणि हात तिथंच थांबला. सगळे बघत होते. त्यांनी ताटली खुर्चीवर ठेवली. "मॅडम, यह खाने के लिए थोड़े ही... यह तो बाँटने के लिए है."

"तो बाँटने वाला चावल खाते नहीं हैं क्या लोग?"

अध्यक्षांनी त्यांना बाजूला घेतलं. "मॅडम, समझिए. गुप्ताजी नाराज़ हो गए तो आधा गोदाम खाली हो जाएगा." दुसरे एक सभासद तर म्हणाले, "भूखे को क्या बदबू आती है!"

मेश्रामताईंचा चेहरा एकदम शांत झाला. मला त्या शांतपणाचीच भीती वाटली. त्या म्हणाल्या, "आती है. मेरी दादी को आती थी." मग पुढचं त्यांना हिंदीत बोलता येईना. माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "सांग यांना. माझी आजी गावात लोकांच्या मागच्या दारी उभी राहायची. उरलेलं, आंबलेलं वरून तिच्या पदरात टाकायचे. हाताला हात लागू द्यायचे नाहीत. आजी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली आणि त्या दिवसापासून तिनं तो पदर खोचला तो खोचलाच. उपाशी झोपली, पण पुन्हा पसरला नाही. आता मी तेच सडकं दुसऱ्याच्या पदरात टाकू?"

मी जसं जमलं तसं हिंदीत सांगितलं. ट्रक परत गेला. गुप्ताजी त्याच्याआधीच गेले होते.

पुढचं सांगायला पाहिजे, कारण ते सोपं नव्हतं. गोदाम खरंच रिकामं झालं. रांगेतल्या बायकांना अर्ध्या पिशव्या घेऊन परत जावं लागलं. मेश्रामताई दारात उभ्या राहून प्रत्येकीला स्वतः सांगायच्या, "चावल कम है. मेरी वजह से कम है." कुणी समजून घेतलं, कुणी बोलून गेलं. एका तरुण विधवेनं, शकुंतला तिचं नाव, तोंडावर विचारलं, "अम्मा, इज़्ज़त उबालकर खिलाएँगे क्या बच्चों को?" ताईंनी मान खाली घातली. घरी येताना माझा हात धरून म्हणाल्या, "तिचं खरं आहे न. आणि माझंही खोटं नाही. आता काय करू, सांग."

आम्ही बख्शी का तालाबकडे गेलो. तळाजवळच्या गावांतले शेतकरी माझ्या नवऱ्याच्या ओळखीचे होते. ताई बटाट्याच्या शेताच्या बांधावर बसून त्यांच्याशी बोलल्या. एकानं बटाट्याची दोन पोती दिली, ते बघून शेजाऱ्यानं दिली. तळावरच्या मराठी बायकांनी घरोघर फिरून डाळी जमवल्या. तेवढे दिवस सगळ्यांनी बटाटेच खाल्ले. "अम्मा, फिर आलू?" असं रांगेतून कुणी ओरडलं की ताई तितक्याच मोठ्यानं ओरडायच्या, "हाँ, फिर आलू! मैं भी वही खा रही हूँ!"

काही महिन्यांनी गुप्ताजींचा मुनीम एका पिशवीत मूठभर तांदूळ घेऊन आला. "साहब ने कहा है, मॅडम से पकवा लो. ठीक लगे तो ट्रक भेज दें." ताईंनी शिजवला, खाल्ला आणि म्हणाल्या, "बोलो, आने दो. और साहब को भी आने दो." गुप्ताजी बऱ्याच दिवसांनी आले. माफीबिफी काही मागितली नाही. क्रेटवर बसले, पुढ्यात आलेला भात निमूट खाल्ला आणि म्हणाले, "दाल भी रखा कीजिए, मॅडम." दोघंही हसले.

त्यानंतरच्या हिवाळ्यात ताई न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. मुलगा येऊन राहून गेला. मग घरात त्या आणि एक दिवसभराची बाई. मी डबा नेला की म्हणायच्या, "कायले त्रास घेते? मी दूध-पोळी खाल्ली असती." अर्धा डबा तसाच परत यायचा. मला वाटायचं भूक नसेल.

एक दिवस मी तिथं असताना शकुंतला आली. हातात फडक्यात बांधलेलं पातेलं. तहरी होती, मटार-बटाटे घातलेला पिवळा भात, अजून वाफ निघत होती. ताई उशीला टेकून बसल्या होत्या. लगेच म्हणाल्या, "अरे नहीं नहीं, घर ले जाओ, बच्चों को खिलाओ."

शकुंतला पातेलं घेऊन तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "अम्मा, हम आपके हाथ से लेते रहे तो ठीक. हमारे हाथ से आप लेंगी तो छोटी हो जाएँगी?"

ताई उशीवरून सावरून बसल्या. मग म्हणाल्या, "थाली वहाँ है. तू भी बैठ." तिघी जेवलो. ताईंनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

शकुंतला गेल्यावर मला म्हणाल्या, "सुनंदा, माझ्या आजीनं पदर खोचला, तो मी इतकी वर्षं खोचूनच ठेवला गं. ज्यानं प्रेमानं दिलं त्याच्यापुढंही. देताना मी उभी असते, घेणारा खाली असतो, हे मलाच कळलं नाही." डोळे पुसून पुन्हा नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "तहरीत तिनं लवंग जास्त घातली होती. पण मस्त होती."

त्या काठी घेऊन चालायला लागल्यावर त्यांनी क्लबात एकच आग्रह धरला, शकुंतलेला फूड बँकेच्या समितीवर घ्यायचं. काय वाटायचं, कसं वाटायचं, हे घेणाऱ्यानंही ठरवायचं. थोडी कुरकुर झाली. गुप्ताजी म्हणाले, "मॅडम कह रही हैं तो सोच-समझकर ही कह रही होंगी," आणि विषय मिटला. शकुंतला पहिल्या बैठकीला आली ती खुर्चीच्या कडेवर बसून. आता तिचाच आवाज सगळ्यांत मोठा असतो.

पुढं एकटं राहणं जमेना, म्हणून मुलगी त्यांना नागपूरला घेऊन गेली. चारबाग स्टेशनवर आम्ही पोचवायला गेलो होतो. कुलींची धावपळ, गर्दी, आणि मधोमध चाकाच्या खुर्चीवर ताई, पायात तेच बूट. गाडी हलताना खिडकीतून म्हणाल्या, "फोन कर. मराठीत कर." मी करायची. त्या तासभर बोलायच्या.

गेल्या वर्षी मुलीचा फोन आला. ताई सकाळी झोपेतच गेल्या होत्या.

रविवारी मी गोदामात सांगितलं. काम थांबलं. गुप्ताजी टोपी काढून उभे राहिले. शकुंतला डाळीच्या पिशव्या भरत होती. ती जवळ आली आणि हळूच विचारलं, "रात को कुछ खाया था अम्मा ने?"

मुलीनं मला ते सांगितलं होतं. मी म्हटलं, "हाँ. पड़ोस में कढ़ी बनी थी. खुशबू आई तो माँगकर खाई."

"माँगकर?"

"हाँ. अपनी कटोरी भेजी थी."

शकुंतला हसली. "अच्छा," म्हणाली, "माँगकर खाई," आणि मग पदर तोंडाला लावून तिथंच पोत्यांवर बसली आणि रडायला लागली.