पेंटर, भोंगा आणि बदकाचं पुस्तक

गल्लीत त्यांना सगळे पेंटरच म्हणायचे. हातातला ब्रश सुटून किती वर्षं झाली कुणास ठाऊक, पण नाव चिकटलं ते चिकटलं. चिकटणारच हो! बाजारातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. औषधांचं दुकान, चपलांचं दुकान, 'येथे गाडी लावू नये', शाळेच्या भिंतीवरची बाराखडी, सगळी त्यांचीच करणी. पट्टी न लावता सरळ ओळ मारायचे, आणि ऐट अशी की शिडीवरून उतरल्यावर मागे वळून बघायचेसुद्धा नाहीत. मग छापील फलक आले, एका दिवसात तयार मिळायला लागले, आणि पेंटर घरी बसले. बायको त्याआधीच गेली होती.

घरात मुलगा, सून आणि पहिलीत जाणारी नात. नातीचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं. पेंटर तिला भोंगा म्हणायचे, कारण त्या कार्टीला हळू बोलणं माहीतच नव्हतं. "आजोबा, मला शू लागलीये!" हेसुद्धा ती असं जाहीर करायची की समोरच्या इमारतीतल्यांनी खिडक्या लावून घ्याव्यात. मुलगा-सून सकाळी कामावर जायचे ते अंधार पडताना यायचे. दुपारी शाळा सुटली की भोंगा आणि आजोबा दोघंच. पेंटरांचा दिवस खरा तिथून सुरू व्हायचा.

आता एवढं सगळं बरं चाललेलं असताना माशी शिंकली ती डोळ्यांत. आधी वर्तमानपत्रातल्या ओळी वाकड्या दिसायला लागल्या. आयुष्यभर सरळ ओळी मारलेला माणूस, त्यांनी आधी छापणाऱ्यालाच शिव्या घातल्या. मग ओळींच्या मधोमध एक धुरकट डाग येऊन बसला आणि हलेना. समोरच्याचं तोंड दिसेना. कानाकडे बघितलं की नाक थोडंफार दिसायचं. पेंटर कुणाला न सांगता डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, आतला पडदा झिजलाय. कडेकडेचं दिसत राहील, पण मधलं परत येणार नाही." घरी येऊन पेंटरांनी मुलाला सांगितलं, "मोतीबिंदू आहे रे, पिकला नाही अजून."

खोटं का बोलले? सांगतो. मागे एकदा ते गॅसवर दूध ठेवून विसरले होते. पातेलं जळून कोळसा झालं. तेव्हा मुलगा अगदी शांतपणे म्हणाला होता, "बाबा, झेपत नसेल तर सांगा. हिला पाळणाघरात ठेवू आणि तुम्ही ताईकडे राहायला जा. तिथं दिवसभर घरात कुणीतरी असतं." मुलगा वाईट नव्हता, काळजीनंच बोलला होता. पण ताईचं, म्हणजे पेंटरांच्या मुलीचं, गाव लांब, घरात आधीच माणसांची दाटी, आणि तिथं भोंगा नव्हती. तेव्हा पेंटरांनी मनाशी ठरवून टाकलं, की झाकली मूठ उघडायची नाही.

आणि झाकायची तरी किती कला! वर्तमानपत्र रोज उघडून धरायचं आणि ठरावीक वेळानं पान उलटायचं. कुणी काही वाचायला दिलं की खिसे चाचपायचे, "अरेच्चा, चष्मा कुठं ठेवला?" चष्मा नाकावर असला तर म्हणायचं, "हा लांबचा आहे."

त्या सगळ्यात सुनेनं पुस्तकं आणली. 'गारगोटीच्या सफरी'. नुकतं वाचायला लागलेल्या मुलांसाठी ही मालिका होती. ठळक अक्षरं, एका पानावर दोनच ओळी, वर मोठं चित्र. गारगोटी नावाची एक उनाड मुलगी आणि कप्तान नावाचं तिचं बदक, दोघं मिळून गुहेत शिरतात, जहाजावर चढतात, असल्या भानगडी. सून म्हणाली, "बाबा, दुपारी हिच्याकडून रोज एक वाचून घ्याल का? घरी येईपर्यंत माझ्यात जीव राहत नाही हो." पेंटर म्हणाले, "त्यात काय! अक्षरं म्हणजे आपला धंदा."

पहिले काही दिवस भोंगा पुस्तकावर बोट ठेवून विचारायची, "आजोबा, हे काय आहे?"

पेंटर पुस्तकावर वाकायचे. त्यांना बोट दिसायचं, बोटाखालचं अक्षर नाही. मग त्यांनी एक युक्ती काढली. "तूच ओळख बघू! हुशार ना तू?" भोंगा काहीतरी म्हणायची, आणि पेंटर म्हणायचे, "शाब्बास!" हळूहळू तिनं विचारणंच सोडलं. एके दिवशी पुस्तक उघडून ती धडाधड वाचायलाच लागली. काय तो आवाज, काय त्या सफरी! देवमाशानं दीपगृह गिळलं काय, कप्तान बदक त्याच्या पोटात जाऊन दिवा लावून आलं काय! पेंटर डोळे मिटून ऐकायचे. संध्याकाळी मुलाला अभिमानानं सांगायचे, "फाडफाड वाचते रे पोरगी!" दमून आलेल्या आईबापांना आणखी काय हवं होतं? शाळेतही भोंगा पाठ केलेले धडे सगळ्यांत मोठ्यानं म्हणायची. पन्नास पोरांच्या वर्गात तेवढं खपून गेलं.

एका सुटीच्या सकाळी चहा पिता पिता मुलानं टेबलावरचं एक पुस्तक उचललं. हिरवा पुठ्ठा, मागे चिकटपट्टी. ती चिकटपट्टी पेंटरांनीच चाचपडत लावलेली, त्यामुळे पुस्तक कुठलं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. देवमाशाचं. मुलगा हसत हसत वाचायला लागला, "बदक बघ. बदक घर शोधत आहे. घर कुठे आहे?" दोन पानं उलटून म्हणाला, "बाबा, एवढं सोपं? ही फाडफाड वाचते ना? मग पुढच्या पायरीची आणू या की!"

पेंटरांनी हातातली बशी खाली ठेवली. देवमासा कुठं गेला? दीपगृह कुठं गेलं? भोंगा टेबलाखाली बसून बुटाच्या नाडीशी खेळत होती.

त्यांना आधी राग आला. एवढीशी पोर आणि आजोबाला उल्लू बनवते! पण तो राग काही टिकेना, कारण कोण कुणाला बनवत होतं हे त्यांना मनात कळत होतं. पोरीला वाचता येत नव्हतं. एक अक्षरही. आणि तिला येतं अशी ग्वाही रोज संध्याकाळी देणारे हे! आता सांगावं, तर मुलगा पहिलं विचारणार, "बाबा, इतके दिवस तुमच्या लक्षात कसं नाही आलं?" मग डोळे बाहेर येणार, पाळणाघर येणार, ताईचं घर येणार. न सांगावं, तर पोरीचं नुकसान. इकडे आड, तिकडे विहीर. पेंटर त्या दिवशी जेवले नाहीत, आणि सून म्हणाली, "पोट बिघडलं वाटतं बाबांचं."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी खडू काढला. डोळे गेले तरी हात आहे ना, हाताला अजून सगळं येतं, असा त्यांचा हिशोब. गॅलरीच्या फरशीवर गुडघे टेकून बसले आणि ऐटीत एकेक अक्षर काढत गेले. "हा क. हा ख. हा ग. दिसतंय ना?"

"दिसतंय, आजोबा."

"कसं आलंय?"

"मस्त आलंय!"

पेंटरांच्या जिवात जीव आला. म्हटलं, चला, सुटला प्रश्न. संध्याकाळी गॅलरीतून सुनेचा आवाज आला, "काय गं ही गिचमिड? एकावर एक नुसत्या रेघोट्या! कुणी केलं हे?"

"मी केलं," भोंगानं घरभर ऐकू जाईल असं सांगितलं, आणि बोलणी खाल्ली.

पेंटर आत खुर्चीत बसून होते. एकावर एक! म्हणजे क वर ख, ख वर ग, सगळी एकाच जागी. उठून सुनेला खरं सांगावं असं त्यांना वाटलं. ते उठले नाहीत. स्वतःची इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

पुढच्या पायरीची पुस्तकंही आली. बारीक अक्षरं, जास्त ओळी. भोंगा त्यातूनही वाचायची, फक्त देवमासे थोडे कमी झाले होते. पेंटर 'शाब्बास' म्हणत राहायचे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

शेवटी शाळेतून निरोप आला. वर्गाच्या बाईंनी घरच्या कुणालातरी बोलावलं होतं. मुलाला सुटी नव्हती, सुनेला नव्हती. मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्हीच जा ना. वाचन तुम्हीच घेता, तुम्हाला जास्त माहीत."

शाळा सुटलेली, वर्ग रिकामा. खिडकीतून ऊन आत आलं होतं. पेंटर पोरांच्या बुटक्या बाकावर कसेबसे बसले, शेजारी भोंगा. बाई बोलायला गोड होत्या. त्यांनी 'गारगोटीच्या सफरी'तलंच पहिलं पुस्तक भोंगापुढे उघडलं. "वाच बाळा."

भोंगानं वाचलं. गारगोटी ढगावर चढली, कप्ताननं शिट्टी मारली. बाईंनी मधे थांबवलं नाही. संपल्यावर म्हणाल्या, "गोष्ट छान आहे गं. पण हे या पानावर नाहीये." मग पेंटरांकडे वळून म्हणाल्या, "आजोबा, घरी वाचन तुम्ही घेता ना? असं करू, तुम्ही पहिली ओळ वाचून दाखवा, ती मागून म्हणेल. कुठं अडते ते आपल्याला कळेल."

आणि त्यांनी पुस्तक पेंटरांच्या हातात दिलं.

पेंटरांनी खिसे चाचपले. चष्मा नाकावरच होता, आणि तो लांबचा आहे हे सांगायला तोंड उघडेना. त्यांनी पुस्तक जवळ धरलं, लांब धरलं, फिरवून धरलं, मान वाकडी करून कडेनं बघितलं. मधे धुरकट डाग, बाजूला चित्राचा निळा रंग. जन्मभर गावाला वाचायला लावलं त्यांनी, आणि आता पहिलीच्या पुस्तकातली एक ओळ वाचता येईना. बाई वाट बघत होत्या. पेंटरांच्या कानामागून घाम ओघळला.

तेवढ्यात त्यांच्या बाहीला कुणीतरी ओढलं. कानाशी गरम श्वास आला, आणि जिला हळू बोलणं ठाऊक नव्हतं ती पोर कुजबुजली, "म्हणा आजोबा. गारगोटीनं दार उघडलं तर बाहेर समुद्रच उभा होता."

पेंटरांनी म्हटलं. काय करणार? बुडत्याला काडीचा आधार! चांगलं खणखणीत म्हटलं, "गारगोटीनं दार उघडलं, तर बाहेर समुद्रच उभा होता."

मग बाईंनी त्यांच्या हातातलं पुस्तक अलगद घेतलं, सुलट केलं, आणि परत त्यांच्या मांडीवर ठेवलं. "आजोबा," त्या म्हणाल्या, "मला तुमच्या मुलाशी बोलावं लागेल. आजच." त्यांचा आवाज मऊ होता, त्यामुळे आणखीच लागलं.

घरी येताना भोंगा त्यांचं बोट धरून चालत होती. खड्डा आला की बोट ओढायची, पायरी आली की थांबायची. ती हे कधीपासून करत होती? पेंटरांना आठवेना. इतके दिवस त्यांना वाटत होतं, की आपणच तिला शाळेतून आणतो.

इमारतीच्या जिन्यात दोघं टेकले.

"तुला माहीत होतं?" पेंटरांनी विचारलं.

"हो."

"मग कुणाला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही मग आत्याकडे गेला असता ना!"

पेंटरांनी तिला जवळ ओढलं. "आणि अक्षरं विचारायची का सोडलीस गं? सुरुवातीला विचारायचीस की."

"मी विचारलं की तुम्ही घाबरायचात," भोंगा म्हणाली. "तुमचा हात असा असा हलायचा."

पेंटर रडले. भर जिन्यात, येणाजाणाऱ्यांसमोर, लाज न बाळगता रडले. भोंगानं दप्तरातून ते हिरव्या पुठ्ठ्याचं पुस्तक काढलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. पानावर बोट टेकवलं. "हे काय आहे, आजोबा?"

"मला दिसत नाही गं," पेंटर म्हणाले. कुणापुढे तरी पहिल्यांदाच म्हणाले.

"मग मी सांगू कसं दिसतं ते?" तिचा आवाज परत चढला. "एक उभी दांडी आहे. आणि तिला पोट आहे."

पेंटरांनी डोळे पुसले. "पोट दांडीच्या कुठल्या बाजूला? दप्तर आहे त्या, की भिंतीच्या?"

"दप्तराच्या."

"पोटात रेघ आहे? आडवी, तिरकी, कशी?"

"तिरकी!"

"ब," पेंटर म्हणाले. "बदकाचा ब. रेघ नसती तर व."

"ब!" भोंगा इतक्या जोरात ओरडली की वरच्या मजल्यावरचं दार उघडलं. तिनं बोटानं पानावर ब गिरवला, मग त्यांच्या तळहातावर गिरवला. बरोबर होता. एवढं सोपं होतं! आणि इतक्या दुपारी गेल्या तरी हे सुचलं नाही, युक्त्या लढवण्यात अक्कल गेली सगळी. पेंटरांना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

तेवढ्यात खाली फाटकाशी स्कूटर थांबली. मुलाची स्कूटर ते आवाजावरून ओळखत होते, आणि या वेळी ती कधी येत नसे. बाईंचा फोन पोचला होता. स्टँड लावल्याचा आवाज आला, मग फरशीवर बूट वाजले, नेहमीपेक्षा भराभर.

पेंटरांनी पुस्तक घट्ट धरलं.

"पुढचं सांग," ते म्हणाले. "लवकर सांग, बाळा. पुढचं कसं दिसतं?"