पत्र आलं नाही, असं मी सांगितलं

हे मी आजवर कोणापाशीच बोललो नाही. बायकोपाशी नाही, मुलापाशी तर नाहीच. निवृत्तीच्या दिवशी शाळेनं शाल-नारळ दिला. हेडमास्तर भाषणात म्हणाले, या माणसाच्या टेबलावर कधी कोणाचा कागद अडला नाही. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, विनय आहे.

एक कागद अडला होता. मीच अडवला होता.

दारव्हा तालुक्यातल्या एका शाळेत मी तीस वर्षं क्लार्क होतो. आमच्या गल्लीत एक नेपाळी राखणदार राहायचा. सगळे त्याला बहादूर म्हणत. त्याचं खरं नाव जसबहादूर थापा. गावात हे बहुधा मलाच ठाऊक, कारण त्याच्या पोराचं, दीपकचं, नाव शाळेच्या रजिस्टरात मीच लिहिलं होतं. दीपकचा जन्म इथला, वाढला इथंच. वऱ्हाडी तर आमच्या अमोलपेक्षा पक्की.

अमोल माझा एकुलता एक. तो आणि दीपक एकाच वर्गातले. बारावीनंतर दोघं रोज सकाळी बोरी अरबच्या रस्त्यानं धावायला जायचे. दोघांनाही फौजेत जायचं होतं. दीपक पुढे असायचा — आणि अमोल मागे पडला की मुद्दाम पाय आवरायचा. ते मला दिसायचं. बापाला बरं वाटावं ना? मला ते चावायचं.

अमोल दोनदा भरतीला गेला. दोन्ही वेळा धावण्यातच बाद. दुसऱ्यांदा परत आला तेव्हा बूटही न काढता भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

इथल्या भरतीला लागणारे कागद दीपककडे नव्हते; त्याच साली तो बापाच्या गावी, नेपाळला गेला. बापाच्या कागदांवर त्याला तिथलं नागरिकत्व मिळालं, आणि तो इंग्लंडच्या फौजेच्या गुरखा भरतीत उभा राहिला. अमोलनं मला मोबाइलवर फोटो दाखवला. भरतीतली शर्यत: कपाळावर पट्टा, पाठीवर रेतीनं भरलेली टोपली, आणि दीपक डोंगर चढतोय.

"बाबा, निघाला ना तो! आता फक्त कागदपत्रं राह्यले."

अमोल हसत होता. मी — मी मनात काय म्हटलं ते जसंच्या तसं सांगतो. म्हटलं, नेपाळची फौज याले, हिंदुस्थानची याले, इंग्लंडचीही याले. बाप-आजा कुठल्या डोंगरात जन्मले म्हणून एका पोराले तीन दारं. अन् आमच्या सात पिढ्या या काळ्या मातीत गेल्या, तं माया पोराले एकही नाही?

मग पत्र आलं. दीपक इथं शिकलेला, म्हणून भरती कार्यालयानं शाळेला विचारलं होतं — हा तुमचाच विद्यार्थी का, गुणपत्रिका खरी का? सही-शिक्क्याचं मूळ उत्तर मुदतीत हवं होतं. पाच मिनिटांचं काम. मी ते पत्र आवक रजिस्टरात चढवलंच नाही. खणात ठेवलं. गडबडीत राहून गेलं, असं म्हणू? नाही. मी काय करतोय ते मला नीट माहीत होतं.

दीपकचा फोन आला. "काका, शाळेत पत्र आलं का जी?"

"नाही रे पोरा. अजून तं नाही आलं."

त्यानं तिकडे विनवण्या करून पत्र पुन्हा पाठवायला लावलं. तेही आलं. तेही खणात गेलं.

मग बहादूर स्वतः ऑफिसात आला. टोपी हातात धरून दाराशीच उभा. "सर, चिठ्ठी आया क्या?" मी त्याला बसवलं. चहा मागवला. हो, चहा पाजला मी त्याला! म्हणालो, "पोस्टाचा काही भरोसा नाही, बहादूर." तो बिचारा चार दिवस पोस्टात जाऊन बसला. पोस्टमनशी भांडला. ज्या माणसानं दोन्ही पत्रं वेळेवर आणून दिली, त्यालाच मी चोर ठरवलं.

मुदत गेली. पुढच्या वर्षी दीपकचं वय बसत नव्हतं. शाळेच्या जुन्या उत्तरपत्रिका जाळायच्या होत्या, त्यांत मी ती दोन पत्रं टाकली.

दीपकची भरती हुकली हे अमोलला कळलं त्या दिवशी तो जेवला नाही. म्हणाला, "त्याचं झालं असतं तं वाटलं असतं बाबा, आपल्यातला एक तरी गेला." म्हणजे त्याच्या मनात काहीच नव्हतं. जळत होतो तो मी एकटा — आणि नाव पोराचं लावत होतो.

दीपक आता आखातात एका इमारतीच्या फाटकावर गार्ड आहे. ती नोकरी लागली तेव्हा बहादूर पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आला. "पोरगा लागला कामाले, सर. तुम्ही उसके वास्ते बहुत केलं. दर वेळी फोन उचलला."

मी पेढा घेतला. त्याच्यासमोर खाल्ला.

"और एक लो ना, सर."

मी आणखी एक घेतला.