चेष्टेचा अर्थ

मुलींच्या शिक्षणावर बोलायला मला अजूनही बोलावतात. शाल देतात, नारळ देतात, आणि प्रश्न विचारायची वेळ आली की कोणीतरी उठून हमखास म्हणतं, "मैडम, अकेला आदमी क्या कर सकता है?" मी ठरलेलं उत्तर देते. एखादीचा फॉर्म भरून द्या, एखादीच्या आईशी बोला, एखादीला संध्याकाळी तासभर अभ्यासाला बसवा. टाळ्या पडतात. खरं उत्तर मी कधी दिलेलं नाही. एकटा माणूस पुष्कळ काही करू शकतो. अकरा वर्षांची असताना मी एकटीनं एका मुलीचं शिक्षण बंद पाडलं. ती माझी सख्खी मोठी बहीण.

वडील जबलपूरला कारखान्यात फिटर होते. आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे. राज्यांची वाटणी झाली तेव्हा गाव मुंबई राज्यात गेलं आणि नोकरी मध्य प्रदेशात राहिली, म्हणून आम्हीही राहिलो. ओमतीजवळच्या दोन खोल्यांत मराठी आणि दाराबाहेर हिंदी. आईची मराठी चौथी झालेली. भाजीपाल्यापुरती हिंदी तिनं जमवली होती, तिलाही लोक हसायचे. नळावर बायका विचारायच्या, आप लोग क्या होते हो? आई ताठ मानेनं सांगायची, बौद्ध. लगेच पुढचा प्रश्न यायचा, और पहले क्या थे? मग एकमेकींकडे बघून हसणं. त्या दिवशी घरात भांडी जरा जास्तच आपटली जायची.

ताई आठवीच्या परीक्षेत शाळेत पहिली आली. आमची शाळा आठवीपर्यंतच होती, नववीसाठी दुसरीकडे प्रवेश घ्यायला हवा होता. नेमकी तेव्हाच आई बाळंतीण झाली, अंथरुणाला खिळली आणि प्रवेशाची तारीख निघून गेली. उठून बसायला लागल्यावर आई एकदा सहज म्हणाली, की तान्ह्या बाळापाशी दोघींपैकी एकीला घरी राहावंच लागेल. मी अभ्यासात ढ होते. ताई शाळेत गेली तर घरी कोण राहणार, हे कोणी सांगायची गरज नव्हती.

जुलैमध्ये ताईच्या बहनजींनी चिठ्ठी पाठवली. आम्ही मास्तरीणबाईंना बहनजी म्हणायचो. त्या दीक्षितपुऱ्यात राहायच्या. मुलीचं वर्ष वाया जाऊ नये म्हणून त्यांनी आपणहून लिहिलं होतं. तेव्हा कोण कोणासाठी एवढं करत होतं? लिपी एकच, त्यामुळे आईनं चिठ्ठी स्वतःच वाचली, अक्षर अक्षर लावत. आपकी पुत्री होनहार है। उसे कल मेरे घर भेज दीजिए। मैं स्वयं चेष्टा करूँगी।

आईचा चेहरा उतरला. आपल्या मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा. आईला तेवढाच अर्थ माहीत होता, आणि आयुष्यात त्याच अर्थाचा तिनं अनुभव घेतला होता. पोरीला घरी बोलावून हसणार, आणि वरून तसं लिहून देणार. बाजारात कोशिश म्हणतात, चेष्टा म्हणत नाहीत. त्या बाईंनी साधं कोशिश लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं? इतक्या चांगल्या बाईचा मला या एका शब्दासाठी आजही राग येतो. तिच्यावर रागावणं मला सोपं जातं.

ताई म्हणाली, "आई, हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. त्या ॲडमिशनसाठी प्रयत्न करीन म्हणून राहिल्या."

आईला ते पटलं नाही. शाळेच्या लोभापायी पोरगी बाईंची बाजू घेते आहे असं तिला वाटलं. तिनं माझ्याकडे वळून विचारलं, "काहून वं, तुह्या पुस्तकात आहे का असं?"

होतं. सहावीच्या पुस्तकात समानार्थी शब्दांत होतं आणि पेपरातही आलं होतं. बाकी सगळं चुकलं होतं, तेवढं एक बरोबर होतं आणि त्यावर लाल बरोबरची खूण होती. माझ्या मांडीवर बाळ होतं. माझ्याकडे ताई एकटक बघत होती.

"मला नाही माहीत," मी म्हणाले.

आईनं चिठ्ठी सिगडीत घातली. वडील कामावरून आले तेव्हा त्यांच्या हाती चिठ्ठी नव्हती, आईचं मराठीतलं सांगणं होतं: बहनजी पोरीची चेष्टा करीन म्हणते. पोरींना शिकवायची हौस आईपेक्षा वडिलांना जास्त होती. पण ते म्हणाले, चेष्टा करून घ्यायला आपण धर्म बदलला नाही. ताईनं त्यांनाही अर्थ सांगून पाहिला. कारखान्यात कोणालाही विचारता आलं असतं. पण आपल्याला एखादा हिंदी शब्द येत नाही, हे ते तिथे कोणाला कळू देत नसत. पुढच्या वर्षी आपण स्वतः चांगली शाळा पाहू, असं ते म्हणाले. पुढच्या वर्षी बाळ सतत आजारी होतं. त्याच्या पुढच्या वर्षी स्थळं यायला लागली. बहनजींना उत्तर गेलंच नाही. त्यांना नकार वाटला असणार. आपण देऊ केलेल्या मदतीचं काय झालं, हे त्यांना कधी कळलं नाही.

ताई माझ्यावर रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नाही. माझं म्हणणं तिला खरं वाटलं. दोन दिवसांनी कणीक मळता मळता तिनं मला जवळ बसवलं. म्हणाली, एवढा सोपा शब्द तुला येत नाही, तुझं कसं होणार? आणि मला शिकवायला लागली. रोज. आधी समानार्थी शब्द, मग व्याकरण, मग गणित. चेष्टा म्हणजे काय, तिनं विचारलं. मी आठवल्याचं नाटक केलं आणि प्रयत्न म्हणाले. ती खूश झाली. तिचं लग्न होईपर्यंत तिनं मला शिकवलं, स्वतः न शिकलेलं नववीचं गणितसुद्धा आधी रात्री वाचून. मी हायर सेकंडरी झाले, बी.ए., बी.एड. केलं, बहनजी झाले. ताईला कुंडमला दिलं. तिकडच्या तहसील कचेरीतल्या चपराशाची बायको म्हणून तिचा जन्म गेला.

नोकरीत मी मुलींसाठी पुष्कळ केलं. लोकांना वाटतं मन मोठं आहे. मन मोठं वगैरे काही नाही. एकीच्या बदल्यात किती जणी शिकवल्या म्हणजे फिटेल, हे शोधत होते. फिटत नाही. त्या साऱ्या जणी दुसऱ्या होत्या.

निवृत्त झाल्यावर एकदा सांगून टाकायचं ठरवून कुंडमला गेले. बसमध्ये वाक्यं जुळवली. ताई ओट्यावर बसली होती, शेजारच्या दोघीतिघी आणि तिची नात होती. तिनं माझा हात धरून त्यांना सांगितलं, ही माझी लहान बहीण, मोठी मॅडम. मग हसून म्हणाली, "पण हिला साधा चेष्टा शब्द नव्हता येत. मी शिकवला. माझ्या हाताखाली शिकून मॅडम झाली."

इतका आनंद तिच्या तोंडावर मी लग्नातही पाहिला नव्हता. आयुष्यात चारचौघांत सांगण्यासारखं तिच्यापाशी हे एवढंच होतं.

नातीला खरं वाटेना. तिनं मला विचारलं, "सच में छोटी आजी, आपको नहीं आता था?"

मी म्हटलं, नाही बेटा, मला नव्हतं येत.