चौथं कडवं

आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. हे मिरवायला सांगत नाही. पुढचं सगळं त्याच्यामुळेच घडलं, म्हणून सांगते.

मी केजला बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षी कॉलेजच्या वार्षिक अंकात माझी कविता छापून आली, तेव्हा वडिलांनी तो अंक पिशवीत घालून नांदूरघाटच्या बाजारात नेला आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही दाखवला. घरात लिहिणारी कोण, तर मी. ती जागा माझी होती. तिथं दुसरं कोणी येऊन बसेल असं मनातही आलं नव्हतं, आणि आत्या येऊन बसेल असं तर मुळीच नाही.

आत्या वडिलांची थोरली बहीण, आमच्याच गावात दिलेली. शिक्षण चौथीपर्यंत, वय पन्नाशीच्या पुढे. आयुष्यभर तिनं खुरपण केलं आणि ब्लाउज शिवले. मशीनवर बसली की गुणगुणायची, पण दारात कोणी आलं की गप्प व्हायची. दोन वर्षांपूर्वी भावकीतल्या एका लग्नात मंगलाष्टका म्हणणाऱ्या बायकांची जीप धारूरच्या घाटात बंद पडली. मुहूर्त तर केव्हाच टळला होता, पण आता वऱ्हाड उठून जायला लागलं होतं. कोणीतरी आत्याला पुढे ढकललं. तिनं भरलेला तांब्या धरावा तसा दोन्ही हातांनी माईक धरला. दोन जुनी कडवी म्हटली आणि तिसरं तिथंच उभ्या उभ्या रचलं. त्यात नवरीच्या आजीचं नाव होतं, आणि जिवाचं रान करून मांडवभर पाहुण्यांचं बघणाऱ्या मामाचंही. आमच्याकडे मंगलाष्टका चालू असताना कोणी गप्प बसत नाही. त्या दिवशी बसले.

तेव्हापासून आत्याला फोन येतात. आष्टीकडून, कड्याहून, पार धारूरच्या डोंगरातल्या वाड्यांवरून. लोक तिचे व्हिडिओ एकमेकांना पाठवतात. मागच्या वर्षी मी एक नवी कविता वाचून बघा म्हणून कॉलेजातल्या मॅडमना दिली. त्यांनी ती हातात घेतली आणि विचारलं, "अगं, त्या व्हिडिओतल्या बाई तुझ्याच गावच्या ना? ओळखतेस?" मी म्हणाले, आत्या आहे माझी. मग त्या दहा मिनिटं आत्याबद्दल बोलल्या. माझी कविता त्यांच्या हातात घडी केलेलीच राहिली.

मला वाईट वाटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला राग आला. वाटलं, हिनं एवढी वर्षं काही केलं नाही, आणि नेमकं मी सुरू केल्यावरच हिला सुचलं. मी वृत्तं पाठ केली, गण मोजायला शिकले, रात्रंदिवस शब्द खोडले. आत्याला वृत्ताचं नावही माहीत नाही. ती नुसतं म्हणते आणि ते बसतं.

वर तिची कडवी लिहून द्यायचं काम माझ्याकडेच. तिची पद्धत अशी: लग्नाच्या दोनचार दिवस आधी त्या घरी जायचं, पण बैठकीत बसायचं नाही. सरळ चुलीपाशी जायचं आणि बायकांबरोबर तांदूळ निवडत बसायचं. घरात कोण कोण आहे, कोण रुसलंय, कोण गेलंय, हे तिथंच कळतं म्हणायची. मग घरी येऊन ब्लाउज शिवता शिवता ती कडवी रचायची आणि मी ती स्केचपेननं मोठ्या अक्षरांत लिहायची, म्हणजे मांडवात तिला चष्म्यातून नीट दिसावं. नावं दर लग्नाला बदलतात, त्यामुळे ती पाठ करत नाही. कागदावर भरवसा ठेवते.

गेल्या उन्हाळ्यात धारूरच्या बाजूला एक लग्न होतं, नवऱ्या मुलाच्याच गावी. मुलाची आई तो लहान असतानाच वारली आणि त्याला चुलतीनं वाढवलं. त्या चुलतीचा नवराही पुढं वारला. कपाळाला कुंकू नाही म्हणून हळदीला, तेलवणाला तिला कोणी पुढं बोलावणार नव्हतं. मुलानं हे आत्याला आधीच फोनवर सांगितलं होतं. म्हणाला होता, मांडवात तिला कोणी हात धरून आणणार नाही, पण तुमच्या कडव्यात तिला कोण अडवतंय?

आम्ही गेलो तेव्हा चुलती शेवयांना ऊन दाखवत होती. आत्यानं तिला सांगितलं, कडव्यात तुमचं बी येणार हाय बरं का. "माझं कावून?" म्हणत तिनं मान खाली घातली. पण आम्ही निघालो तेव्हा ती वेशीपर्यंत मागे आली आणि हळूच विचारलं, "कितव्या कडव्यात हाय?"

"चौथ्यात," आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आत्यानं मशीनवर बसून चौथ्या कडव्याची ओळ सांगितली:

मांडीला निजवून ज्या चुलतिने वाढीवले लेकरू

मी बोटांवर मोजलं. शार्दूलविक्रीडित, एकोणीस अक्षरं, कुठेही अडत नव्हतं. मला ती ओळ सुचली नसती हे मला तेव्हाच कळलं. आणि हेही कळलं, की हिचाही व्हिडिओ होणार.

घरी येऊन मी कागद पक्का लिहायला बसले. तीन कडवी जशीच्या तशी लिहिली. चौथ्याला पेन थांबला. एक सुंदर ओळ माझ्याकडे कधीची पडून होती. मी ती लिहिली:

आकाशातुन चांदणे उतरले दारी तुझ्या देखणे

मनाला समजावलं, की मी सुधारणा करतेय. मांडी, निजवणं, हे फार घरगुती आहे. वेशीपर्यंत मागे आलेली ती बाई मला लिहिताना आठवली नाही, असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. ती आठवली होती.

लग्नाच्या दिवशी मांडव खच्चून भरला होता. मी स्टेजच्या बाजूला, साउंडवाल्या चाचांच्या खुर्चीमागे उभी होते. चुलती आचाऱ्यांच्या पालापाशी, शेवटच्या खांबाला टेकून उभी होती. अंगावर कोरं लुगडं, मुठीत अक्षता. पहिलं कडवं संपलं, सावधान झालं, तिनं थोड्या अक्षता टाकल्या. दुसरं झालं. तिसऱ्यानंतर तिनं मूठ बंद केली आणि पदर डोक्यावरून नीट घेतला.

आत्यानं चौथं सुरू केलं. त्या ओळीपाशी ती एका श्वासापुरती थांबली. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं. आणि कागदावर होतं ते म्हटलं.

काय म्हटलं तिनं! माझ्या वहीत ती ओळ नुसती पडून होती. आत्यानं 'चांदणे' शब्द असा लांबवला, की भर दुपारी लोकांनी वर बघितलं. मोबाईल उंच झाले. चाचा मागे वळून मला म्हणाले, "आज तो आपाने चाँद उतार दिया, बेटी." मला सांगावंसं वाटलं, तो चंद्र माझा आहे. मग पाचवंही संपलं, वाजंत्री सुरू झाली, सगळ्यांनी उरलेल्या अक्षता उधळल्या, आणि मी खांबाकडे पाहिलं. चुलती तशीच उभी होती. मूठ बंद. पुढचं कडवं येईल म्हणून थोडा वेळ थांबली, आणि मग पालाच्या मागे गेली.

पंगत बसल्यावर आत्या मला शोधत आली.

"ती ओळ तू बदलली का गं?"

तेव्हा खरं सांगायची संधी होती. मी म्हणाले, "जुनी चालीत बसत नव्हती."

तिनं जरा विचार केला. मला वाटलं रागावेल. "आसंल," ती म्हणाली. "मला काय कळतंय त्यातलं? तू शिकलेली हायेस माय." आणि मग, "पण त्या बाईला मी चौथ्यात म्हणले होते."

लग्न लागून गेल्यावर मंगलाष्टका कोणी म्हणत नाही. तशी रीतच नाही. आत्या पालामागे गेली. चुलती डाव्या हातानं पाण्याचे जग भरत होती. आत्या तिच्याशेजारी पाटावर बसली आणि माईक नाही, कागद नाही, चौथं कडवं पहिल्यापासून म्हणाली. मांडी, चुलती, लेकरू, सगळं होतं तसं. एक आचारी हसून म्हणाला, "आत्याबाई, लगीन तर लागलं की, आता कुणाचं लावताव?" ती थांबली नाही. सावधान म्हटल्यावर चुलतीनं उजवी मूठ उघडली. तांदूळ घामानं तळव्याला चिकटले होते. तिनं ते नखानं सोडवले आणि एकेक करून मांडवाच्या दिशेनं टाकले.

मी पालाच्या कडेला उभी राहून सगळं पाहिलं. तेव्हासुद्धा मला आधी लाज वाटली नाही, आधी हेवाच वाटला. माझ्या ओळीसाठी लोकांनी मोबाईल वर केले होते. मूठ कोणी धरून ठेवली नव्हती. लाज नंतर आली, जीपमध्ये, आत्या माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली तेव्हा.

चांदण्याच्या ओळीचा व्हिडिओ खूप फिरला. लोक ती आत्याचीच समजतात. वडीलही. मी काही बोलत नाही, कारण बोलायचं तर सगळंच सांगावं लागेल.

आता मी आत्या सांगते तेच, अक्षर न बदलता लिहिते. पण एक गोष्ट बदलली आहे. पूर्वी ती मशीन न थांबवता कडवी सांगायची. आता प्रत्येक ओळीला पायडल थांबवते आणि चष्म्यावरून बघत विचारते, "चालीत बसतंय का गं?"

मला हेच हवं होतं. तिनं मला विचारावं, माझी मान हलली की मगच पुढं जावं.

परवाही तिनं एक ओळ सांगितली, आणि ती मागच्या सगळ्यांपेक्षा चांगली होती. तिनं पायडल थांबवलं.

"बसतंय आत्या," मी म्हणाले. "तू थांबू नको."

"बघ बरं नीट मोजून," ती म्हणाली, आणि मी बोटांवर मोजेपर्यंत सुई वर धरून बसून राहिली.