पूर्ण झालेली कामं पुसा

पोरांनो, तुमच्या बाबाने त्याच्या ऑफिसात वापरतात तसलं, कामांचा माग ठेवणारं सॉफ्टवेअर आमच्या अमरावतीच्या अपार्टमेंटला बसवून दिलं. मी सेक्रेटरी, म्हणून ते माझ्या ताब्यात आलं. नळ गळला की रहिवाशाने फोनवरून तक्रार नोंदवायची, प्लंबरने काम करायचं आणि मग रहिवाशाने ‘पूर्ण’ हे बटण दाबायचं. व्यवस्था सुंदर होती. माणसं मात्र आमचीच होती.

काही महिन्यांत यादी इतकी लांबली की मला ती बघवेना. सेटिंगमध्ये विचारलं होतं, जुन्या नोंदी किती काळ ठेवायच्या? मी नियम घातला: पूर्ण झालेली कामं महिन्याने कायमची पुसावीत. ‘नक्की?’ असं सॉफ्टवेअरने विचारलं. ही हिंमत तुमच्या आजोबांनीही कधी केली नव्हती.

वर्ष संपताना प्लंबरला पुढे ठेवायचं की नाही, हे ठरवायला कमिटी बसली. अध्यक्ष निवृत्त वकील. चहासुद्धा पुरावा पाहून पिणारे. त्यांनी यादी उघडली. गेल्या महिन्यातली चार कामं पूर्ण, बाकी चाळीसेक तक्रारी तशाच पडलेल्या.

“वर्षात चार कामं? काढून टाका याला.”

प्लंबर बाळापूरचा, पन्नाशीचा. तो दारातच उभा होता. “काहून जी साहेब? वर्षभर मी काय झोपून राहिलो होतो? गच्चीवरची टाकी का आपोआप चढली?”

टाकीचं काम झालं होतं, ‘पूर्ण’ दाबलं होतं, म्हणूनच ते माझ्या नियमाने गेलं होतं. मग या चाळीस कोणत्या? तिसऱ्या मजल्यावरच्या बाई कमिटीतच होत्या. मी विचारलं, “तुमचा नळ अजून गळतो?”

“छे हो ताई, दिवाळीतच झाला. पण ‘पूर्ण’ दाबलं तर हा पुन्हा येईल का? तक्रार उभी ठेवली की धाक राहतो.”

म्हणजे प्रामाणिकपणे बटण दाबणाऱ्यांच्या नोंदी मी पुसल्या आणि धाकवाल्यांच्या जपून ठेवल्या. याला म्हणतात शिस्त!

“टाकीचा पुरावा कुठाय?” अध्यक्ष म्हणाले.

“मी नष्ट केला,” मी म्हणाले.

मग मीच सगळ्यांना उठवलं आणि त्या चाळीस तक्रारींतला एकेक नळ उघडून दाखवायला घरोघर नेलं. दोन सोडले तर सगळे ठणठणीत. त्या दोन घरांतही चूक प्लंबरची नव्हती. घरमालक कुलूप लावून पुण्याला गेले होते. शेवटी गच्चीवर टाकीही पाहिली. प्लंबरला ठेवायचं ठरलं.

जिना उतरताना तो म्हणाला, “मॅडम, तुमी अकोल्याले शाळेत शिकवत होत्या न?”

“हो.”

“मंग तिथंबी पास झालेल्या पोरायचेच पेपर फाडत होत्या का?”

नियम मी त्याच संध्याकाळी काढून टाकला. यादी आता भयंकर लांब आहे.